कावळ्याला दिलेला शब्द

२२ मे २००१, मंगळवार

काल ह्यांचा दहावा झाला. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, आणि पिंडाला कावळा शिवेना.

समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले होते, पण एकही खाली येत नव्हता. माझ्या मामांनी हात जोडून सांगितलं, उज्ज्वलाला आम्ही अंतर देणार नाही. चुलत सासऱ्यांनी विहिरीच्या पाण्याची आमची पाळी चुकणार नाही, असं सांगितलं. आमच्या शाळेचे मुख्याध्यापकही पुढे झाले आणि माझी क्लार्कची नोकरी कायम आहे, काळजी नसावी, असं कावळ्याला सांगून आले. ऊन चढलं. लोक मागच्या मागे निघायला लागले. भटजींनी दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. खरा कावळा येतच नसला की दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि मोकळे होतात.

तेवढ्यात गोरखभावजी पुढे आले. ते ह्यांचे सख्खे धाकटे भाऊ. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे क्रिया भावजीच करत होते. अंगावर ओलं धोतर, डोकं भादरलेलं. म्हणाले, "दादा, तुजी गाडी कुनी इकनार न्हाई. मी हाय तवर चालू ठेवीन."

कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. बायका मोठ्याने रडल्या. कुणीतरी म्हणालं, गाडीत जीव अडकला होता.

मला रडू आलं नाही. ज्याने त्या रात्री गाडी दारात ठेवली नाही, त्याच्याच शब्दावर कावळा खाली यावा हे मला सोसलं नाही.

२४ मे २००१, गुरुवार

त्या दिवसाचं एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला वेगळं सांगायला नको.

शनिवारी दुपारी गोरखभावजी जीप घेऊन गेले. कुठे, ते सांगितलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, असेल त्याचं काही काम. रात्री जेवण झाल्यावर ह्यांना घाम सुटला, बसवेना की झोपवेना. दारात गाडी नाही. शेजारच्या चांगदेवने ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत गादी टाकली, आणि ट्रॉली जेवढी पळते तेवढीच पळाली. आळेफाट्याला डॉक्टरांनी बघितलं आणि बाहेर येऊन चांगदेवलाच बाजूला घेतलं. तेव्हाच मला कळलं.

परत येताना राजुरीच्या वेशीजवळ जीप मागून येऊन शेजारी थांबली. बॉनेटवर हळदकुंकू, आरशाला फुलांचा हार, पुढच्या सीटवर पेढ्यांचा पुडा. कुठलीतरी जत्रा करून आला होता. ट्रॉलीकडे बघितलं आणि खाली उतरून तिथे रस्त्यावरच बसला. मी विचारलं, कुठे होतात? त्याने उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

आजपासून मी त्याला या वहीत भावजी लिहिणार नाही.

जीप आम्ही जुनीच घेतली होती, माझ्या पाटल्या मोडून आणि वर कर्ज काढून. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी मी तिच्यापुढे नारळ फोडला आणि ह्यांना शपथ घातली, आता आपली झाली, आता ही विकायची नाही. हे हसले. म्हणाले, "आपली झाली तवर ती म्हातारी झाली गं." पण शपथ घेतली.

म्हणजे कावळा माझ्याच बाजूचा होता. बोलला मात्र गोरख.

३ जून २००१, रविवार

गोरख आला होता. ओट्यावर टेकला, पाणी प्यायला आणि म्हणाला, वहिनी, गाडीचं कसं करायचं? शेडमध्ये झाकून ठेवू का?

मी त्याला एवढंच विचारलं, "घाटावर काय म्हणालात?"

"चालू ठेवीन म्हनलो."

"मग रोज सकाळी येऊन चालू करा. उभी राहिली की बंद पडते ती. आणि रविवारी मला जिथे जायचं असेल तिथे न्या."

तो बरं म्हणाला. वाईट वाटल्यासारखं तोंड केलं नाही, त्याचा मला जास्त राग आला.

सुट्या भागांचे पैसे माझ्या पगारातून मी देणार आहे. त्याचे पैसे मला नकोत. त्याचे दिवस हवेत.

४ नोव्हेंबर २००१, रविवार

पाच महिने झाले. एकही सकाळ चुकलेली नाही. धारा काढून येतो, पाणी बघतो, ऑइल बघतो, चालू करतो, थोडा वेळ उभा राहतो, बंद करतो, जातो. सेल्फ लागत नव्हता तेव्हा एकट्याने ढकलून उतारावर नेली. सायलेन्सर गळला तर दिवसभर गाडीखाली उताणा पडून होता. त्या दिवशी त्याच्या मेहुण्याचं लग्न होतं. मला ते माहीत होतं. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते.

पण एक वेगळंच झालं आहे. गावात त्याचं नाव झालं. आज साळुबाई पिठाच्या गिरणीवर सगळ्यांदेखत म्हणाली, "दीर आसावा तर आसा. मेलेल्या भावाची गाडी पुसतोय रोज." मी दळण घेतलं आणि आले. शिक्षा मी द्यायची आणि पुण्य त्याच्या पदरात पडायचं, हा कुठला न्याय?

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. गोरख गिअर दोन बोटांनी टाकतो. ह्यांना शेवटी शेवटी गिअर फार जड जात होता. फाट्यावरून येईपर्यंत डावा हात खांद्यापासून भरून यायचा. रात्री मी तेल लावून चोळून द्यायची. हे म्हणायचे, गिअरनं हात खाल्ला. पप्पू मिस्त्रीकडे दोनदा गाडी नेली, फरक पडला नाही. आणि आता गोरखच्या हाताखाली तोच गिअर सुरळीत चालतो. गाडी ह्यांच्या ताब्यात असताना गोरखनेच काही करून ठेवलं होतं का, असा विचार मनात येतो. सिद्ध करता येणार नाही.

३१ मे २००२, शुक्रवार

वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर चांगदेव सुपारी कातरत म्हणाला, "वहिनी, वर्स सरलं. आता गाडी काढून टाका की. गोरखला बी त्याचा परपंच हाय. शब्द पाळला त्यानं."

गोरखने माझ्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा सरळ बघितलं.

मी म्हटलं, "शब्दाला मुदत घातली नव्हती कुणी."

त्याने मान खाली घातली. त्याची बायको लंकाबाई खरकटं काढत होती, तिने पत्रावळी जरा जोरात आपटल्या. मला बरं वाटलं. रात्रीपर्यंत बरं वाटत होतं. मग नाही.

१७ ऑगस्ट २००३, रविवार

इंजिन धूर सोडतंय. आळेफाट्याला पप्पू मिस्त्रीकडे गेलो. ह्यांची गाडी तो पहिल्यापासून बघतो. त्याने हात पुसले, बॉनेट बंद केलं आणि मलाच समजावायला लागला.

"ताई, गाडी कवा टाकायची, त्याचा एक हिशोब आस्तो. एक जागा दुरुस्त केली आन ती टिकली, तर गाडी ठेवायची. एक जागा दुरुस्त केली म्हून दुसरी गेली, की समजायचं आता ती आपली ऱ्हायली न्हाई, आपन तिचे झालो. तुमी तिचे झालाय."

मी म्हटलं, इंजिन खोला.

"खोलतो की. मला काय, माजं पोट हाय. पन ह्यो गोरखभाऊ आठ दिस हितं माज्यासंगं बसनार. त्याची कांद्याची रोपं कोन टाकनार?"

मी म्हटलं, "ते त्यांचं ते बघतील."

गोरख बाजूला उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "खोल रं. वहिनी म्हनत्यात तर खोल."

येताना एसटीने आले. खिडकीतून सगळीकडे कांद्याची रोपं टाकायची घाई दिसत होती. माझ्या मनात आलं की आज गाडी विकली तर काय होईल? गोरख सुटेल. आणि मग मी सकाळी कशासाठी उठायचं? हे मनात आलं ते लिहून ठेवलं आहे. त्याचं पुढे काही करायचं नाही.

१५ फेब्रुवारी २००४, रविवार

गोरखला रांजणगावच्या एका कंपनीत ड्रायव्हरची नोकरी लागते आहे. कायमची. उद्या सकाळी हजर व्हायचं आहे. आज जीप चालू करायला आला तेव्हा त्यानेच सांगितलं. रोज सकाळी यायला जमणार नाही, पण रविवारी येऊन सगळं बघेन, म्हणाला. चेहरा उजळलेला होता. ह्यांच्यानंतर त्याचा असा चेहरा मी बघितला नव्हता.

मी म्हटलं, उद्या मला जुन्नरला कचेरीत जायचं आहे, वारसाच्या नोंदीचं काम आहे. त्याने किल्ली खिळ्याला अडकवली. मग म्हणाला, गाडी काढून देतो, चांगदेव नेईल तुमाला. तो चालवील.

अंधार पडायच्या आत मी शेडमध्ये गेले आणि बॅटरीची वायर सैल केली.

१७ फेब्रुवारी २००४, मंगळवार

काल सकाळी चांगदेवने किल्ली फिरवली, काहीच झालं नाही. मी निरोप धाडला. गोरख नवा शर्ट घालून निघाला होता, तो तसाच आला. शर्ट काढून दोरीवर टाकला. आधी सेल्फ बघितला, मग फ्यूज, मग डायनमो. बॅटरी त्याने सगळ्यात शेवटी बघितली. तिथे बघायची गरज पडेल असं त्याला वाटलं नसावं, कारण ती त्याने परवाच घट्ट केली होती.

सैल वायर हातात धरून तो क्षणभर थांबला. मी दारात होते. त्याने पान्याने ती आवळली आणि म्हणाला, "हादऱ्यानं हुते सैल, वहिनी. तुमी जाऊन या जुन्नरला."

कंपनीत तो आज गेला. जागा भरली होती.

१९ फेब्रुवारी २००४, गुरुवार

लंकाबाई आली. धाकटी जाऊ असून आजवर माझ्यासमोर तोंड वर करून बोलली नव्हती. आज आत आली नाही, अंगणातच उभी राहिली.

"आक्का, त्यांनी कावळ्याला शब्द दिला. तुमाला न्हाई दिला. कावळा तवाच उडून गेला. तुमी का बसलाय त्या जागंवर?"

मी म्हटलं, चहा घे.

"चा नको. एक सांगा, गाडी आजून किती वर्सं चालवायची?"

"चालेल तेवढी."

"आन मानूस?"

ती गेली. थांबली असती तर आणखी लागेल असंच काहीतरी बोलले असते.

२७ ऑगस्ट २००४, शुक्रवार

जीपला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आता परत पासिंग केल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. सगळे म्हणाले, हीच वेळ आहे, भंगारात द्या. मी रजा टाकली. जुन्नरला आरटीओचा कॅम्प होता तिथे गोरखला गाडी न्यायला लावली. त्याने चार दिवस खपून रंग मारला होता, लाइट बसवले होते. साहेबांनी फेरी मारून बघितली. मी झाडाखाली बसून एकच मागत होते. पास झाली. पाच वर्षं वाढवून मिळाली. गोरखला आणखी पाच वर्षं.

तो सही-शिक्क्यासाठी आत रांगेत गेला. मी जीपपाशी उभी राहिले. तेवढ्यात एक वयस्कर माणूस आला, डोक्याला मळका टॉवेल, पायात रबरी बूट. जीपच्या भोवती फिरला, मागच्या फळीवर हात फिरवला, तिथल्या पोच्यावर बोट ठेवलं आणि हसला.

"ही राजुरीची गाडी ना, बाई?"

मी हो म्हटलं.

"म्या गेणभाऊ. घाटघरचा. नाणेघाटाच्या अल्याड आमचं गाव. ही गाडी म्या घेतलीच व्हती की तवा. मालकाचा हात बरा झाला का वं?"

मला काही कळेना. कोणता हात, विचारलं.

"डावा. गिअरनं हात भरून येतो, आता ही गाडी झेपत नाय, म्हून मालकानं इकायला काढलीया, आसं त्यो भाऊ म्हनला व्हता ना. मालकाचा धाकटा भाऊ. त्यानंच आनली व्हती दावायला. लई सरळ मानूस. म्हनला, वहिनीला कळू देऊ नका, तिचा जीव हाय गाडीवर, दादा तिला सवडीनं सांगनार हाय." तो हसला. "सौदा ठरला. आमच्या म्हातारीनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, हार घातला. पेढं वाटलं. त्यो सारखा निघतो म्हनायचा, दादाला दुपारपून बरं वाटत नाय म्हनायचा. पन दारात सौदा झाला आन मानूस उपाशी धाडायचा व्हय? आमी हात धरून बसवला. तांदळाची भाकर खाऊन ग्येला. सकाळच्याला गाडी आनून देतो म्हनला, त्यो आलाच नाय. म्या म्हनलो, राजुरीची मान्सं शब्दाची कच्ची."

मी त्या पोच्यावर हात ठेवला.

"मग? हात बरा हाय ना?"

"बरा झाला," मी म्हटलं.

तो बरं बरं म्हणत त्याच्या गाडीकडे गेला. गोरख कागद घेऊन बाहेर आला तेव्हा तो निघून गेला होता. गोरख म्हणाला, वहिनी, पाच वर्षं मिळाली. जणू मला काही चांगलं आणून देत होता.

सगळा रस्ता मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते. दोन बोटं, आणि गिअर पडत होता.

२८ ऑगस्ट २००४, शनिवार

शाळेत गेले नाही. ह्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मी घातलेली शपथ घेतली होती ह्यांनी. माझ्या तोंडावर हसत घेतली आणि मागच्या दाराने गिऱ्हाईक बघितलं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे खरं. पण भांडले असते, रुसले असते, आणि गाडी त्या दिवशी दारात असती.

२९ ऑगस्ट २००४, रविवार

आणि गोरख? तीन वर्षं माझ्या अंगणात रोज येऊन एक शब्द बोलला नाही. भावाने सांगितलं वहिनीला कळू देऊ नको, तर भाऊ गेल्यावरही कळू दिलं नाही. मी त्याला जत्रेवरून परत आलेला माणूस समजत राहिले आणि त्याने समजू दिलं. याला चांगुलपणा म्हणतात का? मला तर वाटतं, माझ्यावर त्याने उगवलेला हा सूड आहे. वायर आवळताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.

आज फोटो सरळ केला. मग परत फिरवला.

५ सप्टेंबर २००४, रविवार

एसटीने एकटी फाट्यावर गेले. पप्पूला विचारलं, ह्यांच्या वेळी गिअरबॉक्स दोनदा खोलला होतास, आत काय होतं?

"काय बी नव्हतं, ताई. लोन्यासारखा व्हता. दादांना म्हनलो बी, तर म्हनले, तू नीट बघत न्हाईस. तवा त्यांना बरं वाटावं म्हून ग्रीस भरलं आन दिली."

त्याने स्टूल पुसून दिलं, मी बसले नाही.

घाम, दम, डावा हात. आमच्याच शाळेच्या फळ्याशेजारी आरोग्य खात्याचा हृदयविकाराचा तक्ता लावलेला आहे, त्यावर हेच लिहिलं आहे. मी रोज त्याच्यासमोरून हजेरीपट घेऊन जाते. ह्यांनी दुखणं अंगावर काढलं आणि दुरुस्ती गाडीची केली. मी तेल चोळलं, पप्पूने ग्रीस भरलं, आणि गाडीला काहीच झालेलं नव्हतं.

आता कुणाला धरायचं?

३ ऑक्टोबर २००४, रविवार

पितृपंधरवड्यातली पंचमी, ह्यांची तिथी. सकाळपासून स्वयंपाक केला. वडे, भोपळा, गवार, अळूचं फदफदं, कढी, आमसुलाची चटणी. खीर केली नाही. ह्यांना सगळ्यात जास्त आवडायची ती खीर. मी ठरवूनच केली नाही.

गोरख आणि लंकाबाई आले. घास पत्र्यावर ठेवला. कावळा आला नाही. पलीकडे साळुबाईच्या घरावर चारपाच बसले होते, त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लंकाबाईने पानाकडे बघून विचारलं, "आक्का, खीर कुठं हाय?"

"नाही केली."

"आवं, आजच्या दिशी?"

"आजच्याच दिवशी."

ऊन पत्र्यावर आलं. भुकेने सगळे थकले होते. मग गोरख पुढे झाला, टोपी काढली आणि पत्र्याकडे बघत बोलायला लागला. घाटावर बोलला होता तसाच. "दादा, गाडी चालू हाय. रंग मारलाय. पाच वर्सं पासिंग झालंय. पाच वर्सं मी कुटं जात न्हाई, दादा. मी हाय."

त्याचं डोकं मागून मला दिसत होतं. घाटावर भादरलं होतं ते आता निम्मं पांढरं आहे. तो ह्यांच्याहून आठ वर्षांनी लहान.

मी आत गेले. देवघरात दर्भ होता. तो घेऊन आले, पायरीवर बसले आणि कावळा केला. कसा करतात ते मला नीट येत नाही. चोच वाकडी झाली. लंकाबाई म्हणाली, आक्का, आजून थोडं थांबू, येईल. मी म्हटलं, नाही थांबायचं. शिडीवर चढले आणि तो कावळा घासाला शिववला. कुणाला विचारलं नाही.

खाली उतरल्यावर म्हटलं, "गाडी विकायची. तुम्ही मोकळे."

गोरखला वाटलं, मी रागाने बोलते आहे. म्हणाला, "वहिनी, माजं काय चुकलं का? आन आता कोन घील ती?"

"बघा. घाटघरच्या बाजूला अशा गाड्या अजून चालतात म्हणे."

टोपी घालायला वर गेलेला त्याचा हात तिथेच राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तीन वर्षं मला त्याचा चेहरा असाच बघायचा होता, जागच्या जागी उतरलेला. पोटभर बघून घेतला. मग तो घोटभर पाणी मागायला लागला आणि मी पेला भरून त्याच्यापुढे धरला.

सगळे जेवायला बसलो. लंकाबाई आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होती.

२३ ऑक्टोबर २००४, शनिवार

काल दसरा. गेणभाऊ आपल्या म्हातारीला घेऊन आला. ती वाकलेली, पण तिने हट्टाने स्वतः बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. म्हणाली, तवाचं ऱ्हायलं व्हतं. पप्पू मिस्त्रीही आला होता. जाताना गाडीच्या टपावर थाप मारून म्हणाला, "जा गं बाई. सुटलो आपन सगळे."

गेणभाऊने ओट्यावर बसून विचारलं, मालक कुठं हायती? हात बरा झाला म्हनल्या व्हत्या तुमी, मग इकता कशापायी?

गोरख विहिरीवर हातपाय धूत होता. मी सांगितलं, मालक वारले, तीन वर्षं झाली. कधी, कोणत्या रात्री, ते त्याने विचारलं. मी म्हटलं, उन्हाळ्यात. त्याहून जास्त सांगितलं नाही. त्याच्या घरी हात धरून बसवलेल्या पाहुण्याचं जेवण त्याला आयुष्यभर गोड लागू दे. एका माणसाला शिक्षा दिली तेवढी पुरे.

जीप गेली. वळणावर गिअर बदललेला ऐकू आला, जराही खरखर नव्हती.

२४ ऑक्टोबर २००४, रविवार

आज सकाळी धारांच्या वेळेला भावजी आले. सवयीने. शेडपर्यंत गेले, किल्लीसाठी खिळ्याकडे हात नेला आणि तिथेच थांबले. जमिनीवर ऑइलचा काळा डाग आहे, त्याच्याकडे बघत होते. नाशिक फाट्याच्या एका कंपनीत बोलावलं आहे, सोमवारी जायचं आहे, असं म्हणाले.

मी म्हटलं, बसा.

पहाटेच खीर केली होती. मोठी वाटी भरून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाटीकडे बघितलं, मग पत्र्याकडे, आणि विचारलं, "वहिनी, आदी दादाला..."

मी म्हटलं, "तुम्ही खा."

त्यांनी खाल्ली. पत्र्यावर एक कावळा येऊन बसला होता. बराच वेळ ओरडत होता. त्याला काही दिलं नाही.

ह्यांचं पुढच्या वर्षी बघू.